स्पीकरमधली घूं शोधायची कशी: आधी क्रम, मग खर्च

स्पीकरमधून घूं आवाज यायला लागला की माणूस पहिल्यांदा दुकानात जातो. जाडजूड केबल आणतो, मग स्पाइक गार्ड आणतो, मग अँप्लिफायर रिपेअरला टाकतो. एवढं करूनही आवाज जात नाही, तेव्हा ओळखीतला कुणी जाणकार येऊन प्लगची वरची मोठी पिन कापून देतो. आवाज थांबतो आणि घरात शॉक लागायची कायमची सोय होते.

हा आवाज घालवण्यात अवघड काही नाही. लोक चुकतात ते क्रमात. खाली दिलेल्या पायऱ्या आहेत त्याच क्रमाने करा, मधली एकही गाळू नका. आवाज कुठून आत शिरतोय हे ठरेपर्यंत एक रुपयाही खर्च करायचा नाही, एवढं एकच पथ्य.

## तयारी

सामान फार लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर, निऑनचा टेस्टर, टॉर्च, चिकटपट्टी, पेन आणि चांगली असल्याची खात्री असलेली एक छोटी आरसीए केबल (मधे पिन आणि भोवती कडं असलेल्या प्लगची ऑडिओ केबल). फोनवर आवाजाची फ्रिक्वेन्सी दाखवणारं एखादं फुकटचं अ‍ॅप घालून ठेवा.

सिस्टिमच्या मागच्या बाजूचे फोटो काढा. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून नंबर टाका. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून बहुतेक जण टाळतात, आणि मग तासाभराने हातात चार काळ्या केबली घेऊन कुठली कुठे होती ते आठवत बसतात.

वेळ रात्रीची, जेवणं आटोपल्यावरची निवडा. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना बारीक आवाज ऐकू येणार नाहीत.

सावधान: ऑडिओ केबल काढताना किंवा लावताना व्हॉल्यूम शून्यावर आणि अँप बंद. आरसीए प्लगची मधली पिन बाहेरच्या कड्याच्या आधी टेकते. त्या क्षणी अँप चालू असेल तर असा दणका बसतो की वूफर कामातून जाऊ शकतो.

सावधान: आभाळ गडगडत असेल तर हे काम दुसऱ्या दिवसावर ढकला. मिरगाच्या आधीच्या आणि ऑक्टोबरमधल्या विजांच्या दिवसांत केबल टीव्हीची किंवा छपरावरच्या डिशची वायर हाताळणं शहाणपणाचं नाही.

## पायरी १: आवाज नेमका कसला आणि कुठून

आधी अँपच्या डब्याला कान लावा, नंतर स्पीकरला. घूं डब्यातूनच येत असेल आणि स्पीकर शांत असतील, तर तो ट्रान्सफॉर्मरच्या थरथरण्याचा आवाज. त्याचा केबलींशी संबंध नाही. ट्रान्सफॉर्मरचा बोल्ट सैल झालेला असतो, किंवा त्याच लाइनवर एखादं उपकरण विजेच्या लहरीचा अर्धाच भाग ओढत असतं. कमी स्पीडवर चालणारा हेअर ड्रायर हे नेहमीचं उदाहरण. अशा वेळी पुढच्या केबलीच्या पायऱ्या करत बसू नका.

आवाज स्पीकरमधून येत असेल तर त्याची जात ओळखा.

जाड, खालच्या पट्टीतला, सलग घूं: हा ५० किंवा १०० हर्ट्झचा. आपल्याकडची वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची आहे, आणि अँपच्या आत ती रेक्टिफायरमधून (एसीचं डीसी करणाऱ्या भागातून) गेली की लहर दुप्पट होऊन १०० हर्ट्झ होते. घरात पेटी असेल तर ती काढा. ५० आणि १०० हर्ट्झ हे दोन्ही पांढरी पाचच्या किंचित वर, खालच्या सप्तकांत येतात. भजनाला बसणाऱ्या माणसाच्या कानाला हे लगेच पटतं.

कर्कश, झर्रर्र करणारा, वरच्या पट्टीपर्यंत पसरलेला आवाज: हा बहुधा डिमर, एलईडीचा ड्रायव्हर, चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर किंवा शील्ड (सिग्नलच्या तारेभोवतीची जाळी) तुटलेली केबल.

बारीक चीं किंवा टिकटिक, माऊस हलवला की बदलणारी: हा कॉम्प्युटरकडून येतो.

५० हर्ट्झचा जोर असेल तर गडबड बहुधा अँपच्या बाहेर आहे: अर्थिंग, केबल किंवा जवळ ठेवलेला ट्रान्सफॉर्मर. निव्वळ १०० हर्ट्झ असेल आणि तो कशानेच बदलत नसेल तर संशय अँपच्या पॉवर सप्लायवर. नियम ढोबळ आहे. शिवाय फोनचा माईक ५० हर्ट्झला कच्चा असतो, आणि छोटे स्पीकर तो स्वर धड वाजवतही नाहीत. त्यामुळे अ‍ॅपमध्ये १०० आणि १५० उंच दिसले म्हणून लगेच निकाल देऊ नका, फक्त लिहून ठेवा.

## पायरी २: भिंतीतला सॉकेट तपासा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात, आणि गोव्यात तर ती गाळून चालतच नाही. फोंडा-डिचोलीकडची जुनी चिरेबंदी घरं घ्या. लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग, त्यावर नंतर वाढवलेले पॉइंट, आणि तीन भोकांचे नवे सॉकेट बसवलेले. पण वरच्या भोकाच्या मागे वायरच नाही. बाहेरून पाहून काही कळत नाही.

पहिल्यांदा टेस्टर. सॉकेटकडे तोंड करून पाहिलं की वरचं मोठं भोक अर्थचं, उजवं फेजचं, डावं न्यूट्रलचं. दिवा उजवीकडेच लागला पाहिजे. डावीकडे लागत असेल तर वायरी उलट आहेत. वरच्या भोकात लागला तर तिथेच थांबा, तो सॉकेट वापरू नका, वायरमनला बोलवा.

मग मल्टिमीटर. नॉब एसी व्होल्टच्या वरच्या रेंजवर, म्हणजे ६०० किंवा ७५० वर. लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना हे पुन्हा एकदा पाहा. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली असेल तर सॉकेटमध्ये घालताच शॉर्ट होईल. प्रोबच्या उघड्या टोकांपासून बोटं दूर ठेवा आणि तीन मापं घ्या:

१. फेज ते न्यूट्रल: २३० च्या आसपास.
२. फेज ते अर्थ: जवळजवळ तेवढंच.
३. न्यूट्रल ते अर्थ: शून्य ते दोन-तीन व्होल्ट.

दुसरं माप बरंच कमी आलं, किंवा आकडा सारखा नाचत राहिला, तर अर्थ जोडलेलीच नाही. तिसरं माप दहा-वीसच्या घरात गेलं तर न्यूट्रलचा किंवा अर्थचा जोड कच्चा आहे.

तिसरं माप अगदी ०.० आलं तर खूश होऊ नका. त्याच लाइनवर इस्त्री किंवा गीझर लावून पुन्हा मोजा. वायरिंग नीट असेल तर न्यूट्रलचं व्होल्टेज भाराने थोडं वर सरकतं. तरीही ०.० च राहिलं, तर कुणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून ठेवलेत असा संशय घ्या. ही चलाखी जीवघेणी आहे. पुढे कुठे न्यूट्रल तुटली की अँपचा, फ्रिजचा, मिक्सरचा धातूचा डबा थेट फेजवर येतो.

अर्थिंगच्या खड्ड्याबद्दल. आपली जमीन जांभ्याची. पर्वरीच्या सड्यावर काय किंवा साखळीच्या बाजूला काय, पाणी झरझर निथळून जातं आणि एप्रिल-मेपर्यंत माती कोरडी ठक्क होते. कोरड्या मातीचा रोध वाढतो आणि अर्थिंग दुबळं पडतं. तुमच्याकडची घूं उन्हाळ्यात वाढत असेल आणि पाऊस सुरू झाला की कमी होत असेल, तर तो पुरावा नव्हे, पण खड्ड्याकडे पाहायला सांगणारा इशारा नक्की आहे. खड्ड्यावरचं झाकण काढून पाइपचा क्लॅम्प गंजलाय का पाहा. उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी घालत जा. मीठ-कोळसा भरून वर्षं झाली असतील तर परवानाधारक वायरमनकडून खड्डा नव्याने भरून आणि मोजून घ्या. भाड्याच्या फ्लॅटमध्ये खड्डा कुठे आहे हेच माहीत नसतं. सोसायटीच्या वॉचमनला विचारा, त्याला बहुधा ठाऊक असतं.

एक्स्टेंशन बोर्ड. सॉकेट ठीक निघाला तरी बोर्डावर विश्वास ठेवू नका. बाजारातल्या स्वस्त बोर्डांना भोकं तीन आणि वायर दोनच तारांची, असा प्रकार सर्रास आढळतो. बोर्ड भिंतीतून पूर्ण काढा, मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक प्रोब प्लगच्या मोठ्या पिनेला आणि दुसरा बोर्डावरच्या वरच्या भोकात. बीप आला नाही तर बोर्ड फेकून द्या. तीन पिनांचं दोन पिनांत रूपांतर करणारे छोटे कन्व्हर्टरही त्याच कचऱ्यात टाका.

तपासणी: सॉकेट आणि बोर्ड या दोन्हींवर "पास" लिहून झाल्याशिवाय तिसरी पायरी नाही. पुष्कळ घरांत घूं इथेच संपते.

सावधान: अर्थची पिन कापणं, वाकवणं, तिच्यावर टेप गुंडाळणं, काहीही नको. ती पिन मुद्दाम लांब केलेली असते, म्हणजे प्लग आत जाताना अर्थ सगळ्यांत आधी जोडली जाते. ती कापल्याने कधीकधी आवाज थांबतो हे खरं आहे. पण त्याने गडबड कुठे आहे याचा फक्त सुगावा मिळतो, आणि तो सुगावा जीव धोक्यात न घालता चौथ्या पायरीत मिळणारच आहे. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर वायरमन आलेलाच आहे तेव्हा तोही बसवून घ्या.

## पायरी ३: नुसता अँप, नुसते स्पीकर

आता अँपला जोडलेलं सगळं काढा. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, लॅपटॉप, सबवूफर, रेकॉर्ड प्लेअर, अँटेना. स्पीकरच्या वायरी आणि पॉवर कॉर्ड एवढंच राहू द्या. उपकरणं नुसती बंद करून भागत नाही. बंद टीव्हीचीही केबल लागलेली असेल तर अर्थची वाट चालूच असते. ही चूक इतकी नेहमीची आहे की पुन्हा सांगतो: बंद नव्हे, केबल उपटलेली हवी.

अँप चालू करून ऐका.

घूं आहे आणि व्हॉल्यूम फिरवला तरी तेवढीच राहते: गडबड व्हॉल्यूमच्या नंतरच्या भागात, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये किंवा शेवटच्या स्टेजमध्ये. थेट पायरी ७ वर जा.

घूं व्हॉल्यूमबरोबर वाढते: गडबड व्हॉल्यूमच्या आधी. मोकळ्या इनपुटमध्येही आसपासची वीज शिरते, विशेषतः फोनोच्या, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटमध्ये, कारण तिथे सिग्नल प्रचंड वाढवला जातो. म्हणून सिलेक्टर ऑक्स किंवा सीडीवर ठेवून तपासा, आणि त्या इनपुटमध्ये शॉर्टिंग प्लग लावता आला तर उत्तम. जुन्या आरसीए प्लगची मधली पिन आणि बाहेरचं कडं तारेने जोडलं की शॉर्टिंग प्लग तयार होतो. तो फक्त इनपुटमध्ये लावायचा. आउटपुटच्या किंवा स्पीकरच्या टर्मिनलला चुकूनही नाही.

शांतता: छान. अँप निर्दोष आहे, आणि तो रिपेअरला न्यायची गरज नाही.

पॉवर्ड स्पीकर (आतच अँप असलेले) असतील तर प्रत्येक स्पीकर सुटा करून हीच तपासणी करा.

## पायरी ४: एकेक केबल परत लावा

खरं शोधकाम हे. एक केबल लावा, अँप चालू करा, ऐका, लिहा, बंद करा, मग दुसरी. दोन केबली एकदम लावायचा मोह होतो. तसं केलंत तर पुन्हा पहिल्यापासून.

बहुतेक वेळा एका ठरावीक केबलला घूं उगवते. तिथे काय घडतं ते थोडक्यात. दोन उपकरणं दोन वेगवेगळ्या ठिकाणी जमिनीला जोडलेली असतात आणि त्यांच्यामधल्या ऑडिओ केबलचं शील्ड त्या दोन जमिनींना जोडतं. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये थोडा फरक असतोच, तो फरक शील्डमधून वाहायला लागतो आणि ५० हर्ट्झचं व्होल्टेज गाण्यात मिसळतं. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. घरगुती लाइन सिग्नल साधारण ३०० मिलिव्होल्टचा असतो, त्यामुळे दोन-तीन मिलिव्होल्टची भेसळही शांत खोलीत स्पष्ट ऐकू येते.

नेहमीचे गुन्हेगार, मी ज्या क्रमाने संशय घेतो त्या क्रमाने:

केबल टीव्हीची वायर. खांबावरून, माडावरून, शेजाऱ्याच्या छपरावरून आलेली कोएक्स वायर दूर कुठेतरी अर्थ केलेली असते. तुमच्या घराच्या अर्थशी तिचं काहीच देणंघेणं नसतं. सगळं जोडलेलं ठेवून सेट-टॉप बॉक्सच्या मागची फक्त ती कोएक्स पिळून काढा. घूं त्याच क्षणी गेली तर शोध संपला.

लॅपटॉप. चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. घूं किंवा चीं गेली तर दोष चार्जरच्या वाटेचा. दोन पिनांच्या चार्जरमध्ये आतल्या कपॅसिटरमधून थोडी वीज झिरपते. धातूच्या लॅपटॉपवरून मनगट हलकेच फिरवलं की झिणझिण्या येतात त्या याच. मल्टिमीटरने मोजलं तर अशा तरंगत्या डब्यावर मेनच्या अर्ध्यापर्यंत व्होल्टेज दिसू शकतं, करंट मात्र अगदी थोडा. कंपनीचा तीन पिनांचा कॉर्ड मिळत असेल तर तो लावा.

सबवूफर. तो खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात असतो, दुसऱ्या सॉकेटवर असतो, आणि त्याची केबल पाच-सात मीटर लांब. लूपला लागणारं सगळं साहित्य हजर. पोर्टेबल बोर्डाने त्याला अँपच्याच सॉकेटवरून वीज देऊन पाहा.

रेकॉर्ड प्लेअर. मॅग्नेटिक कार्ट्रिजचा (टोनआर्मच्या टोकाला सुई बसवलेल्या भागाचा) सिग्नल पाच मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणजे बाकी सगळ्यांपेक्षा कितीतरी नाजूक. त्याची वेगळी बारीक अर्थची वायर अँपच्या ग्राउंडच्या स्क्रूला लावलेली आहे का पाहा. लावूनही घूं असेल तर काढून पाहा, काही प्लेअरमध्ये ती आतून आधीच जोडलेली असते. मोटर बंद ठेवा, व्हॉल्यूम बेताचा, आणि टोनआर्म हाताने उचलून तबकडीच्या कडेपासून मध्यापर्यंत हवेतच सरकवा. सरकवताना घूं कमीजास्त झाली तर जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र कार्ट्रिज पकडतंय. प्लेअर अँपच्या डोक्यावर ठेवला असेल तर खाली उतरवा. एकाच बाजूला घूं असेल तर कार्ट्रिजच्या मागच्या चार बारीक तारा पाहा: पांढरी आणि निळी डाव्या चॅनेलची, लाल आणि हिरवी उजव्याची. दमट हवेत या टोकांवर थर चढतो आणि जोड सुटतो.

कीबोर्ड, मिक्सर, इलेक्ट्रॉनिक तानपुरा. रियाजाच्या खोलीत हे तिन्ही वेगवेगळ्या अ‍ॅडॉप्टरवर असतात. अ‍ॅडॉप्टर दोन पिनांचा असेल तर प्लग उलटा फिरवून लावा. एवढ्यानेही कधीकधी निम्मी घूं जाते. तीन पिनांच्या प्लगला हा उपाय लागू नाही.

तपासणी: ज्या केबलवर घूं येते तिच्या जागी खात्रीची छोटी केबल लावून पाहा. घूं गेली तर लूप नव्हे, जुन्या केबलचं शील्ड तुटलेलं आहे. लूप समजून आयसोलेटर (लूप तोडणारी डबी) आणला आणि दोष प्लगमधल्या तुटक्या सोल्डरिंगचा निघाला, असं होऊ देऊ नका.

## पायरी ५: लूप तोडा, स्वस्त उपाय आधी

१. सगळी ऑडिओ उपकरणं एकाच सॉकेटवरच्या एकाच चांगल्या बोर्डावर आणा. सगळ्यांची अर्थ एका ठिकाणी आली की फरक उरत नाही. भाराचा हिशेब करा: ६ अँपिअरच्या सॉकेटवर २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॉट. टीव्ही, अँप आणि सब यांना पुरतं. त्यावर इस्त्री किंवा हीटर नको. फ्रिज आणि एसी तर वेगळ्याच लाइनवर असावेत.

२. सिग्नलच्या केबली आणि पॉवरच्या वायरी एका गठ्ठ्यात बांधू नका. नीटनेटकं दिसावं म्हणून केलेला तो गठ्ठा पुष्कळ घरांत घूं वाढवतो. दोघांत फूटभर अंतर ठेवा, आणि ओलांडावंच लागलं तर काटकोनात. उरलेली लांबी अँपच्या ट्रान्सफॉर्मरमागे गुंडाळून ठेवू नका.

३. टीव्ही ते अँप ऑप्टिकल केबल वापरा. प्रकाशातून तांब्याची जोड होत नाही, म्हणून लूपही नाही. एचडीएमआयमध्ये मात्र ग्राउंड असतोच, त्यामुळे "डिजिटल केबल लावली तरी घूं आहे" ही तक्रार खरी असू शकते.

४. केबल टीव्हीच्या कोएक्सला आयसोलेटर लावा. डिश असेल तर थांबा. सेट-टॉप बॉक्स याच वायरीतून वर छपरावरच्या एलएनबीला (डिशवरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला) १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, आणि आयसोलेटर तेच अडवतो. चित्रच जाईल. डिशवाल्यांनी बॉक्सपासून पुढे ऑप्टिकल घ्यावं किंवा पाचवा उपाय करावा.

५. ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे केबलच्या मध्ये बसणारी छोटी डबी. काही शे रुपयांतही मिळते, पण फार स्वस्त डबीत बारका गाभा असतो आणि तबल्याचा बायाँ पोकळ वाजायला लागतो. ज्या केबलवर घूं येते फक्त तिथे एकच लावा, सगळीकडे लावत सुटू नका. सबवूफरच्या केबलवर स्वस्तातली तर नकोच.

६. मिक्सर आणि पॉवर्ड मॉनिटर असतील तर बॅलन्स्ड केबल (सिग्नलच्या दोन तारा आणि वेगळं शील्ड असलेली) घ्या. कीबोर्डसाठी डीआय बॉक्स (कीबोर्डचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारी डबी) वापरा, त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. ते बटण फक्त सिग्नलचा ग्राउंड तोडतं, मेनच्या अर्थला हात लावत नाही. म्हणून ते चालतं आणि पिन कापणं चालत नाही.

## पायरी ६: झर्र आवाज असेल तर घरभर फिरा

घूं ऐवजी झर्र असेल तर सिस्टिम चालू ठेवून घरातल्या एकेका वस्तूचं बटण बंद करत जा. दुसरा माणूस स्पीकरजवळ बसवा, नाहीतर पायपीट होते. खरखर फिरणाऱ्या नॉबचा जुना इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटर आणि दिव्याचा डिमर हे पहिले संशयित. पाच टप्प्यांचे कपॅसिटरवाले रेग्युलेटर सहसा त्रास देत नाहीत, आणि बदलायला स्वस्त पडतात. मग एलईडीच्या पट्ट्या, मोबाइलचे बिननावाचे चार्जर, मासे ठेवायच्या टाकीचा पंप.

चतुर्थीच्या दिवसांत आरतीच्या माईकवर झर्र यायला लागली तर मखरावरच्या आणि माटोळीभोवतीच्या (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीभोवतीच्या) माळा आधी बंद करून पाहा. लुकलुकण्याच्या तालावर आवाज बदलत असेल तर तीच माळ. तिचा प्लग वेगळ्या खोलीतल्या सॉकेटवर न्या आणि माईकची वायर माळेपासून दूर ओढा.

झर्र फक्त वीज गेल्यावर येत असेल तर इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा आहे. अँपमध्ये काहीही शोधू नका. साइन वेव्हचा इन्व्हर्टर घ्या किंवा तेवढा वेळ गाणं बंद ठेवा.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांसाठी. कळंगुट असो की कोलवा, खाऱ्या वाऱ्यात आरसीएचे सॉकेट हिरवे पडतात. प्लग थोडा फिरवला की घूं क्षणभर जाते आणि परत येते, ही खूण. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा कापडावर घेऊन पुसा, सगळं बंद असताना, आणि सुकल्यावर लावा. डब्यावर थेट फवारू नका. पॉलिश पेपरने घासाल तर वरचा मुलामा जाईल आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दुपटीने चढेल. पावसाळाभर सिस्टिम पडून राहणार असेल तरी आठवड्यातून तासभर चालवा, आतली उब दमटपणा घालवते.

## पायरी ७: दोष अँपमध्येच असेल तर

तिसऱ्या पायरीत नुसत्या अँपवरच घूं ऐकू आली, व्हॉल्यूमने बदलली नाही आणि अ‍ॅपमध्ये १०० हर्ट्झ उभा राहिला, तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर सुकले असण्याची शक्यता मोठी. जुन्या अँपमध्ये हे होतंच. दुसरी शक्यता खास आपल्याकडची: उबेला आलेली पाल आत मरून पडलेली, किंवा मुंग्यांनी बोर्डावर वारूळ घातलेलं. वरच्या झरोक्यातून टॉर्च मारून पाहा, झाकण न उघडता.

सावधान: प्लग काढल्यानंतरही मोठे कपॅसिटर बराच वेळ भरलेले राहतात. झाकण उघडायचं काम दुरुस्ती करणाऱ्याचं.

दुकानात नेताना "घूं येते" एवढंच सांगितलंत तर तो मनाला येईल ते बदलेल. कागदावर हे लिहून द्या: इनपुट सगळे काढलेले असतानाही येते का, व्हॉल्यूमने बदलते का, एका चॅनेलला की दोन्हींना, चालू केल्या केल्या की तापल्यावर, आणि अ‍ॅपमध्ये कुठला आकडा दिसला. घरच्या सॉकेटची तिन्ही मापंही त्याच कागदावर टाका, म्हणजे त्याच्या टेबलावर आवाज आला नाही तर दोष घरात शोधायचा हे दोघांनाही कळेल. बदललेले जुने कपॅसिटर परत मागून घ्या. आणि अँप घरी आल्यावर सगळ्या केबली एकदम जोडू नका. तिसरी पायरी पुन्हा करा, मग चौथी.